एक 'ओ' जास्त पडला

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या आहेत. साताऱ्याकडच्या गावात मराठी माध्यमातून शिकल्या, बी.कॉम. झाल्या, गेली अकरा वर्षं चाकणजवळच्या एका कारखान्यात डिस्पॅच विभाग सांभाळतात. महिन्याभरापूर्वी त्यांनी ग्राहकाला इंग्रजीत मेल पाठवला. 'आपण ही ऑर्डर गमावू' या वाक्यात 'गमावणे' या अर्थाच्या 'लूझ'ला एक 'ओ' जास्त पडला, आणि शेवटच्या 'प्लीज ॲडव्हाइज'मध्ये 'एस'च्या जागी 'सी' आला. वयाने लहान, नव्याने आलेल्या साहेबांनी त्या दोन शब्दांभोवती लाल गोल काढून मेलचा फोटो विभागाच्या ग्रुपवर टाकला. खाली हसरे चेहरे. तेव्हापासून ताई प्रत्येक मेल पाच-सहा वेळा लिहितात, शेजारच्या मुलीला दाखवतात, जमेल तिथे फोनवरच भागवतात. चुकीच्या जागी हमखास वापरल्या जाणाऱ्या पाचशे शब्दजोड्यांचं एक पुस्तक आणून त्या रोज रात्री पाठ करतात, आणि आता पूर्वी बरोबर यायचे ते शब्दही अडायला लागलेत. मिस्टर म्हणतात, अठरा हजारांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लाव. मुलगी चौथीत आहे, मराठी शाळेत. 'माझ्यासारखं तिचं होऊ नये म्हणून तिला इंग्रजी माध्यमात घालू का?' हा पत्रातला शेवटचा प्रश्न.

नमस्कार ताई,

ग्राहकाचं नाव पुसून तो मेल तुम्ही पत्राला जोडलात, हे फार बरं केलंत. नाहीतर मी नुसती तुमच्या लाजेलाच उत्तर देत बसले असते. मेल दोनदा वाचला. गाडी खंबाटकीत का अडकली, आज किती पेट्या निघाल्या, उरलेल्या केव्हा निघतील, उशिराचा खर्च कोणाकडे, सगळं एकाखाली एक. पाल्हाळ कुठेच नाही. लाल गोलांतली अक्षरं चुकलीत दोन : एक जास्तीचं, एक भलतं. आणि ग्राहकाचं उत्तर पाऊण तासात आलंय, त्यात त्यांनी मागितलाय फक्त दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा नंबर. 'ओ' किती होते ते त्यांनी काही मोजलेलं दिसत नाही.

तुम्ही लिहिता, 'मला इंग्रजी येत नाही हे सगळ्यांना कळलं.' मला त्या मेलवरून उलटंच कळलं. पण ते राहू दे. आधी त्या जास्तीच्या 'ओ'कडे बघू, कारण तो कुठून आला हे मला पक्कं ठाऊक आहे.

आपण मराठीत दिवसभर 'लूज' म्हणत असतो. नट लूज झाला, पँट कमरेत लूज होते, लूज मोशन लागले, वाण्याकडे लूज चहा मिळतो. हा दोन 'ओ'वाला शब्द. इंग्रजाच्या तोंडी तो 'लूस' आहे, शेवटी स्वच्छ 'स'. आपण तो घेताना त्याचा 'ज' कधी केला कोण जाणे, पण केला. आणि गमावण्याचा जो शब्द, एका 'ओ'चा, त्याच्या शेवटी मात्र खरोखरच 'झ'जवळचा आवाज आहे. म्हणजे तिकडे ज्यांचे उच्चार वेगळे, ते दोघे आपल्या कानात येऊन एक झाले. मेल लिहिताना तुमच्या मनात 'लूज' आलं आणि हाताने ओळखीचा लूज लिहून टाकला, नट-बोल्टाचा. डिस्पॅचमध्ये बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढून 'लूज पॅकिंग' दिवसातून किती वेळा जात असेल! हाताने दुसरं काय लिहायचं?

'ॲडव्हाइस'चंही तसंच आहे. सल्ला हे नाम, तिथे 'सी' आणि उच्चारात 'स'. सल्ला देणे हे क्रियापद, तिथे 'एस' आणि उच्चारात 'झ'. आपण दोन्हीला सरसकट 'ॲडव्हाइस' म्हणतो. त्यात ऑफिसात 'पेमेंट ॲडव्हाइस' नावाचा कागद रोज हाताखालून जातो, तो 'सी'चाच असतो आणि बरोबर असतो. डोळ्याला तीच सवय. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पत्रांमध्ये, अगदी मोठमोठ्या सह्यांच्या पत्रांमध्ये, 'सी'वालं 'प्लीज ॲडव्हाइस' इतक्या वेळा भेटतं की आताशा मी त्याला नमस्कार करून पुढे जाते. म्हणजे दुरुस्त करते, पण हसत नाही.

मग दोष मराठी माध्यमाचा, असं तुम्ही म्हणाल. या दोन शब्दांपुरता अर्धा मान्य. कान मराठी आहे, तो मराठीच ऐकणार. पण जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसं काय चुका करतात ते एकदा बघा. 'तिथे', 'त्यांचा' आणि 'ते आहेत' या तिन्हींचा त्यांचा उच्चार एकच, 'देअर'. स्पेलिंगं तीन. ती त्यांची आयुष्यभर घोटाळतात. 'कुड हॅव'मधला 'हॅव' बोलण्याच्या ओघात 'ऑव्ह'सारखा ऐकू येतो, म्हणून कितीतरी जण तिथे सरळ 'ऑफ' लिहितात, ओ-एफ. ही चूक तुम्ही जन्मात करणार नाही, कारण 'कुड हॅव' तुम्ही ऐकून नाही, फळ्यावर बघून शिकलात. कानाने शिकलेल्याच्या चुका वेगळ्या, फळ्यावरून शिकलेल्याच्या वेगळ्या.

आणि चूक म्हणजे तरी काय? अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फियात हाताने लिहिली गेली. तिच्या पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात 'त्याचे' या अर्थाचा 'इट्स' आहे, आणि त्याच्या डोक्यावर ॲपॉस्ट्रॉफी आहे. आजच्या नियमाने ती तिथे नको. तुमच्या साहेबांच्या हाती ती घटना पडली असती तर लाल गोल नक्की. त्या काळी मात्र तसं लिहिणारे पुष्कळ होते, कुणाला खटकत नव्हतं. आपल्याकडे काय वेगळं झालं? 'नांव' आणि 'कांहीं' यांच्यावर टिंब दिलं नाही तर माझ्या आजीला छडी मिळायची. मग १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनाने स्वीकारले आणि मला टिंब दिलं म्हणून छडी मिळाली.

जाता जाता सांगते, तुमच्या पत्रात 'दिवस' हा शब्द दोन ठिकाणी 'दीवस' असा पडला आहे. ऱ्हस्व 'दिन' म्हणजे दिवस आणि दीर्घ 'दीन' म्हणजे गरीब, हे आपण सगळे सातवीत घोकलेलो. पिक म्हणजे कोकीळ, पीक म्हणजे शेतातलं. शिर आणि शीर, सुत आणि सूत. तरी घाईत पडतंच. म्हणून तुम्हाला मराठी येत नाही, असं मी म्हटलं तर तुम्ही मला काय म्हणाल?

आता ते पुस्तक. ते उद्यापासून बंद करा. 'पूर्वी यायचं ते आता अडतं' असं तुम्ही जे लिहिलंय, तो भास नव्हे, आणि त्याचं कारण ते पुस्तकच आहे. जुळ्या भावांची ओळख एकाच बैठकीत करून दिली की दोघांची नावं घोटाळतात. एकाशी आधी चांगली मैत्री झाली की दुसरा समोर आल्यावर 'हा तो नव्हे' एवढं पुरतं. ज्युनिअर कॉलेजात शिकवताना मी स्वतः ही चूक बरीच वर्षं केली : फळ्यावर मधे उभी रेघ, डावीकडे 'अफेक्ट' (परिणाम करणे), उजवीकडे 'इफेक्ट' (परिणाम). आदल्या दिवशीपर्यंत ज्या मुलांना 'इफेक्ट' न चुकता यायचा, ती दुसऱ्या दिवशी पेन थांबवून विचार करायची, 'ए'चा की 'ई'चा? रोग नव्हता तिथे मी औषध पाजलं होतं.

तेव्हा जोडीतला एकच धरा, तुम्हाला जास्त लागतो तो. तुमच्या कामात 'इफेक्ट' लागतो, कारण प्रत्येक नव्या दरपत्रकावर 'विथ इफेक्ट फ्रॉम' अमुक तारीख असतंच. तो 'ई'चा. झालं. 'अफेक्ट'शी तुमची अजून ओळख नाही असं समजा. पावसाने माल पोचायला उशीर झाला हे सांगायला 'डिले' हा साधा शब्द आहे. 'स्टेशनरी'तही तुम्हाला वह्या-पेनांची स्टेशनरीच मागवायची असते. तिच्यात 'एन्व्हलप'मधला 'ई' आहे, एवढंच लक्षात ठेवा. 'एका जागी थांबलेलं' या अर्थाचा, 'ए'वाला स्टेशनरी आपोआप उरला. खरं तर हे दोघे सख्खे भाऊ. मध्ययुगीन युरोपात गावोगाव फिरून विकणारे वेगळे आणि एका जागी दुकान मांडून बसलेला पुस्तकविक्या वेगळा, तो 'स्टेशनर'. त्याच्या दुकानातला माल ती स्टेशनरी. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. तुम्हाला डिस्पॅचमध्ये याचा काही उपयोग नाही.

उपयोगाचं बोलू. पाचशे जोड्यांपैकी तुमच्या टेबलावर खरोखर पैशाला लागतील अशा किती? मेल बघून मला तीन गोष्टी सुचल्या, आणि त्यातली एक तर पुस्तकात नसेलच.

तुमच्या मेलमध्ये एक शब्द साहेबांच्याही नजरेतून सुटलाय. 'माल शुक्रवारपर्यंत पोचेल याची खात्री करतो' हे सांगताना तुम्ही 'आय'ने सुरू होणारा 'इन्शुअर' लिहिलाय. काही ठिकाणी तो खात्रीच्या अर्थानेही चालवतात, पण आपल्या व्यवहारात त्याचा अर्थ विमा उतरवणे. खात्रीचा 'एन्शुअर' 'ई'चा. लूझमधल्या जास्तीच्या 'ओ'ने कुणाचं काही बिघडत नाही. पण उद्या माल रस्त्यात भिजला आणि ग्राहकाने तुमचाच मेल पुढे केला, की 'तुम्ही विमा उतरवतो म्हणाला होतात', तर? लाल गोल काढायचाच असेल तर इथे काढा. दोन्हींतला तुमचा कुठला? मालाच्या विम्याचं काम अकाउंट्सकडे असणार, तेव्हा तुमचा 'ई'चा.

दुसरा 'बायवीकली'. हा तुम्ही नाही, ग्राहकाने लिहिलाय. याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही, आणि शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेले असतात. म्हणजे इथे इंग्रजीच गोंधळलेली आहे, तुम्ही-मी काय करणार! असा शब्द आला की न लाजता विचारा, आठवड्याला दोन गाड्या की पंधरवड्याला एक?

तिसरी गोष्ट फोनवरची. हल्ली तुम्ही मेल टाळून फोनवर भागवता म्हणून मुद्दाम सांगते. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' शॉपफ्लोअरच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. पंधरा पेट्यांच्या जागी पन्नास निघाल्या तर तो घोटाळा निस्तरायला कुठलंही पुस्तक येणार नाही. आकडा सांगताना 'वन फाइव्ह, फिफ्टीन' असं सुटं करून सांगा, आणि फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाकाच. मेलच्या भीतीने फोन धरला आणि त्यापायी मोठी चूक झाली, असं व्हायला नको.

मग बाकीच्या शब्दांचं काय? तुमच्या कॉम्प्युटरवर पाठवलेल्या मेलचा कप्पा असतो. एखाद्या निवांत शनिवारी गेल्या तीन महिन्यांचे मेल काढा आणि शेजारच्या त्या मुलीला सोबत घेऊन फक्त वाचा. चुकलेले शब्द एका वहीत उतरवा, जोडी नाही, फक्त बरोबर असलेला. माझा अंदाज, सात-आठच्या वर जाणार नाहीत. माणूस नवनव्या चुका फारशा करत नाही, त्याच त्याच करतो. ती सात-आठ शब्दांची चिठ्ठी मॉनिटरच्या खाली चिकटवा. मेल लिहून झाला की त्यातला शब्द शोधायच्या खिडकीत टाकून बघा, सापडला तर थांबून एकदा बघा. 'प्लीज ॲडव्हाइज'साठी तर एवढीही खटपट नको. ऑटोकरेक्टमध्ये एकदा सांगून ठेवलं की 'सी'वालं आलं तर मशीनच 'एस'चं करून टाकतं. किंवा तो शब्दच सोडा आणि 'प्लीज लेट अस नो' लिहा. मी तेच लिहिते.

लाल रेघेवर मात्र विसंबू नका. रेघ येते ती शब्दकोशात नसलेल्या शब्दाखाली. दोन 'ओ'वाला लूज हा कोशातला खराखुरा शब्द आहे, म्हणून त्या दिवशी रेघ आली नव्हती. 'मॅनेजर'मधला दुसरा 'ए' गळाला तर जो शब्द उरतो तोही कोशात आहे. त्याचा अर्थ गव्हाण, जनावरांना वैरण घालतात ती. 'प्रिय गव्हाण' अशी सुरुवात असलेले अर्ज मी पुष्कळ तपासलेत. अशा चुकांवर उपाय म्हणजे मेल शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचणे. सरळ वाचताना आपण अर्थाबरोबर वाहत जातो. उलटा वाचला की शब्द एकेकटे उभे दिसतात.

क्लासचं म्हणाल तर तुमची अडचण बोलण्याची नाहीच. क्लासात ते तुम्हाला स्वतःची ओळख करून द्यायला लावतील आणि हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची ते शिकवतील. 'लूझ'ला किती 'ओ' हे तिथे कोण सांगणार? ग्राहकांशी मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची तुमची स्वतःची हौस असेल तर जरूर जा, त्यासाठी अठरा हजार गेले तरी हरकत नाही. त्या फोटोवरचा उतारा म्हणून जाऊ नका.

साहेबांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्राची दोन पानं त्यांच्यावरच आहेत. ते शब्दांबाबत बरोबर होते, रीत चुकली. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी प्राचार्यांना रजेचा अर्ज दिला होता. इंग्रजीची शिक्षिका, आणि मायन्यात 'प्रिन्सिपल'च्या शेवटी 'ए-एल'च्या जागी 'एल-ई' लिहून बसले. म्हणजे 'आदरणीय तत्त्व'. संध्याकाळी शिपायाने अर्ज घडी करून आणून दिला. त्यावर सरांनी लिहिलं होतं, 'ग्रँटेड इन प्रिन्सिपल', तत्त्वतः मंजूर, आणि शेवटच्या 'एल-ई'खाली बारीकशी रेघ. त्यांच्या-माझ्याशिवाय ती रेघ कुणी बघितली नाही. तो शब्द त्यानंतर माझ्या हातून कधी चुकला नाही, आणि त्या माणसाचा रागही कधी आला नाही.

तुमच्या साहेबांना हे जमलं नाही. गप्प बसलात तर ते पुन्हा करतील, आणि पहिल्याच वेळी एचआरकडे गेलात तर गोष्ट दोन शब्दांची उरणार नाही. मधला रस्ता आहे. ते एकटे असताना जा आणि उभ्या उभ्याच सांगा : 'सर, लूझचं बरोबर होतं तुमचं, मी दुरुस्त केलंय. पुढे काही दिसलं तर मला एकटीला सांगा, ग्रुपवर नको. पोरं हसतात, आणि मग चुकेल म्हणून कुणी लिहीतच नाही.' एवढंच. मग हवं तर विम्याचा तो 'इन्शुअर' तुम्ही स्वतःच त्यांना दाखवा; दोघांच्याही नजरेतून सुटला होता म्हणून सांगा. माझा अनुभव असा की वयाने लहान साहेब बहुतेकदा याने वरमतात. नाहीच वरमले आणि पुन्हा फोटो टाकला, तर मात्र तारखेसह लेखी द्या. मराठीत लिहिलंत तरी चालेल.

राहिली तुमची लेक. तुमच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. राज्यात २००० सालापासून ते पहिलीपासून आहे, म्हणजे तुम्ही जिथून सुरुवात केलीत तिथे पोचायच्या आत तिची चार वर्षं इंग्रजी झालीसुद्धा. पुढे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून नि बाकी मराठीतून, असा सेमीचा पर्याय तिच्याच शाळेत असेल तर तो बघा. पण त्याआधी पाचवीला इंग्रजी कोण शिकवतं त्या बाईंना किंवा सरांना भेटून या, वर्गात मुलांकडून लिहून घेतात की नुसतं घडाघडा पाठ करवतात ते विचारा. माध्यमाच्या पाटीपेक्षा मला त्या उत्तरात जास्त रस आहे. जाताना लेकीला सोबत न्या, तिला काय वाटतं तेही विचारा. आणि तिच्यासमोर त्या मेलचा विषय काढू नका.